अर्ध्या मिनिटाचा फोन

बस्त्याव सरांशी फोनवर बोलणं ही एक शिक्षाच होती. "हॅलो सर, कसे आहात," म्हणेपर्यंत दहा सेकंद गेलेली असायची, "वहिनी बऱ्या ना" म्हणेपर्यंत वीस, आणि खरं काम सांगायला तोंड उघडावं तोवर पलीकडून खट्ट. फोन ठेवलेला. राग नाही, लोभ नाही, "बरं, ठेवतो" एवढंसुद्धा नाही. माझ्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण मी त्यांना तीन फोन करून दिलं. पहिल्यात मुलगी कुठली ते सांगितलं, दुसऱ्यात दिवस आणि तिसऱ्यात हॉल. लग्नाला मात्र ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. अख्ख्या वटार गावात त्यांची ही ख्याती होती. लोक चेष्टाही करायचे, पण पाठीमागे, आणि जरा आवाज खाली आणून. कारण गावाला ठाऊक होतं, आणि मलाही.

आम्ही दोघं एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात होतो. ते मोडेम खोलीचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला तांत्रिक सहायक. ते वटारचे, मी विरार पूर्वेचा, चंदनसारचा. एकाच दिशेची माणसं म्हणून जोडी जमली असं लोक समजत. खरं म्हणजे त्या खोलीत दुसरं कुणी टिकत नसे. खोली जिन्याखाली होती, खिडकी नव्हती, आणि लोखंडी मांडणीवर बत्तीस मोडेम ओळीने बसलेली होती. प्रत्येकाच्या कपाळावर लाल ठिपके लुकलुकत. आजच्या पोरांना हे सांगून पटत नाही, पण तेव्हा प्राध्यापकांना, संशोधन करणाऱ्यांना घरून इंटरनेट हवं असलं की घरच्या फोनवरून विद्यापीठाचा नंबर फिरवावा लागे. आमच्या खोलीतलं एखादं मोडेम तो फोन उचलत असे. मग दोन्हीकडची यंत्रं आधी शिट्टी, मग करकर, मग खरवडल्यासारखा आवाज करून एकमेकांची ओळख पटवत. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. कुणी फोन केला तर त्याला एंगेज.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "सर, काय हा गोंगाट."

"गोंगाट नाय तो," सर म्हणाले. "बोलतात ती. तू हळू बोल."

आणि खरंच त्या खोलीत ते हळू आवाजात बोलत. आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. मला आधी हसू यायचं. महिन्याभराने माझाही आवाज आपोआप खाली गेला, तेव्हा हसू थांबलं.

त्यांचा कान ही एक भीती वाटावी अशी गोष्ट होती. मांडणीकडे पाठ करून, डबा खात बसलेले असले तरी मोडेमनं फोन उचलला की पहिल्या करकरीला सांगत, "पार्ल्याच्या बाई. नवऱ्याचं मोडेम वापरतात." मी पडद्यावर बघे, तर नाव पार्ल्याच्या बाईंचंच. एकदा मी मुद्दाम त्यांची परीक्षा घ्यायला ओळीने अकरा फोन ओळखायला लावले. अकराही बरोबर. बाराव्याला त्यांनी घास हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "हा माणूस दुसऱ्याच्या घरात बसलाय." पडद्यावर नाव एका इतिहासाच्या प्राध्यापकांचं होतं. पुढे कळलं की ते गावी गेले होते आणि त्यांचा पासवर्ड शेजारचा पोरगा चालवत होता. सरांना कसं कळलं हे मी विचारलं, तर म्हणाले, "लाईन तीच, पण नंबर फिरवणारा बिचकत होता. दोनदा ठेवला, मग तिसऱ्यांदा लावला." म्हणजे जादू वगैरे काही नव्हती. पण अंगावर काटा यायचा तो यायचाच.

नालासोपाऱ्याच्या एका प्राध्यापिकेला तर त्यांनी घाबरवूनच सोडलं. त्यांच्या लाईनीत काही दिवस एक खसखस येत होती. सरांनी भल्या मनाने त्यांना फोन केला. "बाई, तुमच्या खिडकीबाहेर वायर झाडाला घासतेय. तुम्ही खिडकीजवळ बसता तेव्हा वारा असतो. छाटून घ्या फांदी." फांदी होती, वायर घासत होती, सगळं खरं होतं. पण आपण खिडकीजवळ बसतो हे ह्या माणसाला जिन्याखालच्या खोलीतून कसं कळलं, ह्या विचाराने बाई हादरल्या आणि त्यांनी खातंच बंद केलं. सरांना फार वाईट वाटलं. चार दिवस म्हणत होते, "मी चांगलंच सांगायला गेलो होतो रे."

नियम एकच होता, आणि तो त्यांनीच केलेला. एका माणसाला एका वेळी चाळीस मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला ते समोरच्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ पाठवत, 'पाच मिनिटं राहिली, आवरतं घ्या.' चाळिसाव्याला लाईन तोडत. एकदा एका विभागप्रमुखांची तोडली. ते तावातावाने जिना उतरून आले. आम्हाला वाटलं आता सरांची बदली होते. सरांनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "सर, लाईन ही उसनी वस्तू आहे. वापरायची आणि परत ठेवायची. तुम्ही आत बसून राहता तेव्हा बाहेर कुणीतरी एंगेज ऐकत असतं. ते कोण आहे ते तुम्हाला कधीच कळत नाय." विभागप्रमुख पाणी पिऊन गुपचूप गेले.

हा नियम सरांनी एकदाच मोडला, तोही स्वतःसाठी. त्यांच्या घरी विद्यापीठाचंच एक मोडेम होतं. रजेच्या दिवशीही चैन पडत नसे, म्हणून घरून जोडून ते आमच्या बत्तीस मोडेमवर नजर ठेवत. स्वतःच्या खात्याला त्यांनी वेळेची मर्यादा घातली नव्हती. एका रजेच्या दुपारी आमच्याकडची काही मोडेम सारखी बंद पडत होती, आणि सर वटारच्या घरून ती उठवत बसले होते. सलग तीन तास. मी इकडे खोलीत होतो. मी जागा होतो, घड्याळ समोर होतं, आणि मला एकदाही वाटलं नाही की सरांना ओळ पाठवावी, आवरतं घ्या म्हणून. साहेबाला कोण सांगणार?

त्या दुपारी त्यांच्या मुलाने, मेल्विनने, विरार स्टेशनबाहेरच्या बूथवरून घरी फोन केला. एंगेज. बूथवाल्याने नंतर सांगितलं, पाच वेळा लावला. मधे एकदा बाहेर जाऊन उभा राहिला, परत आला, परत लावला. मग म्हणाला, "घरचे कुणाशी एवढं बोलतायत?" आणि गेला. तो बूथवरून जो गेला तो गेलाच. एकवीस वर्षांचा पोरगा. आदल्या रात्री बापलेकांची बोटीवरच्या नोकरीवरून बाचाबाची झाली होती म्हणतात, पण एवढीतेवढी कुठल्या घरात होत नाही? पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, खाडीत होड्या फिरल्या. काही मिळालं नाही. कपडे नाहीत, चप्पल नाही, काही नाही. तो फोनवर काय सांगणार होता हेसुद्धा कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून त्या घरातला फोन अर्ध्या मिनिटाचा झाला. सर कामावर आले, सगळं पूर्वीसारखं केलं, फक्त घरचं मोडेम काढून पोत्यात बांधलं. रेजिनावहिनींनी त्या फोनला पुन्हा हात लावला नाही. वाजला तर सर उचलत. सर घरात नसतील तर तो वाजून वाजून थांबे आणि वहिनी आपलं काम करत राहत. "तो फोन त्यांचा हाय," एवढंच म्हणत. पुढे ब्रॉडबँड आलं, आमची सेवा बंद झाली, बत्तीस मोडेम भंगारात गेली, सर निवृत्त झाले. घराघरांतून तारेचे फोन गेले. सरांनी नंबर सोडला नाही. मी एकदा मोबाइल घ्या म्हणालो. तर म्हणाले, "तो नंबर त्याला पाठ नाय ना."

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्याकडे नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. घरोघरचे लोक आधी पाकिटात आपल्या मयतांच्या नावांची यादी घालून चर्चमध्ये देतात, आणि त्या सगळ्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होते. थडग्यांवर फुलं, मेणबत्त्या. दर वर्षी सर सुंदर अक्षरात यादी लिहीत. वडील, आई, सासू, सासरे, लहानपणी गेलेला एक भाऊ. पाच नावं. वहिनी दर वर्षी म्हणत, "सहावं?" सर पेनाला टोपण लावत.

मला ह्या दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी कळत नसे. सरांची घ्यावी तर आईने वीस वर्षं पोरासाठी उघडपणे प्रार्थनासुद्धा करायची नाही? वहिनींची घ्यावी तर बापाने आपल्या हाताने पोराचं नाव मेलेल्यांत लिहायचं?

आणि त्यात ती शिट्टी होती.

ती कधी सुरू झाली मला नक्की सांगता येणार नाही. सेवा बंद झाल्यावर दोनेक वर्षांनी असेल. दुपारी तीनच्या सुमाराला सरांचा फोन वाजे. रोज नाही. कधी महिन्याने, कधी पावसाळाभर नाही. उचलला की माणूस नाही. एक बारीक शिट्टी, मग शांतता, परत शिट्टी, परत शांतता. सर अर्धं मिनिट ऐकत आणि ठेवून देत. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला वर्गात शिकवावं तसं समजावलं. "मोडेम आहे. फोन लावणारं मोडेम अशीच शिट्टी देतं, थांबून थांबून. समोर कुणी आपल्या जातीचं आहे का विचारतं. कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसात एखादं अजून चालू असणार. सेवा बंद झाली हे त्याला कुणी सांगितलंच नाय."

"पण तुमच्या घरच्या नंबरावर कसं?"

"विद्यापीठाचा नंबर लागला नाय तर दुसरा म्हणून मीच काही ऑफिसांतल्या मोडेममध्ये माझा घरचा घालून ठेवला होता. रात्री-अपरात्री मोडेम पडली तर मला कळावं म्हणून."

"मग ठेवता कशाला? थोडं ऐकत बसा."

"आणि तेवढ्यात त्याचा फोन आला म्हणजे?" ते म्हणाले.

मीही चंदनसारला परत येताना स्वतःला ते मशीनच आहे असं पटवलं. कुठल्यातरी कुलूपबंद खोलीत, धुळीत, एक यंत्र वर्षानुवर्षं वटारचा नंबर फिरवतंय. पण त्या कल्पनेनेही मला बरं वाटेना. खोलीला कुलूप आहे, माणूस नाही, आणि वीज कोण भरतंय?

गेल्या वर्षी गणपतीनंतर वहिनींचा फोन आला. मोबाइलवरून. त्यांनी कधीचा घेतला होता, सरांच्या नकळत. "भावजी, एकदा येऊन जा. तारेचे फोन बंद करतायत. ऑक्टोबरच्या शेवटी लाईन तोडणार म्हणून कागद आलाय. ह्यांनी जेवण सोडलंय."

मी स्कूटर काढली. आगाशीच्या बाजारात सवयीने थांबलो, सरांना आवडतात म्हणून फरसाण घेतलं, आणि पुढे केळीच्या वाड्यांमधून त्यांच्या घरी पोचलो. फाटकापाशीच वहिनी उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या बाई, पण ताठ. त्यांनी मला आत जाऊच दिलं नाही.

"आधी माझं ऐका. ह्यांना ऐकायला कमी येतं आता. कानात मशीन हाय तरी नीट नाय येत. आता त्यांच्या डोक्यात बसलंय की ती शिट्टी माणसाची असली तर. इतकी वर्षं मशीन, मशीन म्हणाले, आणि आता कान गेले तर शंका आली. ते तुम्हाला ऐकायला लावतील. तुम्ही सांगा मशीन हाय."

"वहिनी, मशीनच आहे ती."

"मग सांगा तसंच. जोर देऊन सांगा. तुमच्यावर विश्वास हाय त्यांचा. लाईन गेली, शिट्टी मशीनची निघाली, मग तरी हा माणूस नाव लिहील. मला माझ्या पोरासाठी एक मेणबत्ती लावायचीय, भावजी. मी कुणाकडे मागू?"

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडल्या नाहीत. मी हो म्हणालो.

सर पडवीत फोनशेजारच्या खुर्चीवर बसले होते. वाळले होते फार. मला बघून चेहरा उजळला, आणि मी टेकायच्या आत त्यांनी तेच काढलं. "साटम, बरं झालं आलास. तुझा कान मीच तयार केलाय. आज ना उद्या ती शिट्टी येईल. तू ऐकून सांग. मशीन की माणूस." मग बराच वेळ ते बोटांनी खुर्चीचा हात चाचपत राहिले. "मशीन असेल तर काय प्रश्न नाय. पण माणूस असेल तर बघ, मी इतकी वर्षं त्याच्या तोंडावर फोन ठेवत आलो."

हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं.

मी त्या आठवड्यात चार दुपारी वटारला गेलो. घरी बायको म्हणाली, तिकडेच राहा आता. चौथ्या दुपारी, तीनला पाच मिनिटं कमी असताना, फोन वाजला. सरांनी मला खूण केली. मी रिसीव्हर उचलला.

शिट्टी होती. बारीक, सरळ, मोडेमची असते त्याच पट्टीतली. थांबली. मी डोळे मिटून घेतले, जिन्याखालच्या खोलीत करायचो तसे. परत शिट्टी. परत थांबली. यंत्र दोन शिट्ट्यांच्या मधे काहीच करत नाही. तिथे नुसता लाईनीचा बारका घूंघूं आवाज असतो. इथे तो होता, आणि त्याच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला. शिट्टी वाजवून दम संपल्यावर माणूस घेतो तसा. मग परत शिट्टी. मग परत तो श्वास, ह्या वेळी जरा थरथरत.

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. दाराच्या चौकटीत वहिनी येऊन उभ्या होत्या. मला "कोण आहे?" असं विचारता आलं असतं. दोन शब्द. मी ते विचारले नाहीत, आणि का विचारले नाहीत ह्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. भीती वाटली हे खरं. कुणी उत्तर दिलं असतं तर, ह्याची. मी रिसीव्हर ठेवला.

"मशीन," मी म्हणालो. "शंभर टक्के मशीन, सर."

सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याच्यावर कधी फोन ठेवला नाय."

"नाही, सर."

"बरं." मग वहिनींकडे न बघता म्हणाले, "लाईन जाईल त्या दिवशी लिहितो नाव. त्याच्या आधी नाय."

निघताना फाटकापाशी वहिनींनी विचारलं, "खरंच मशीन होतं ना?" त्यांनाही मी होच म्हणालो. त्यांनी केळीच्या पानात बांधलेली सुकेळी माझ्या हातात दिली. ती मी घरी नेऊन खाल्ली नाहीत, बायकोने शेजारी वाटून टाकली.

लाईन तोडायच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी राहवेना. ती माझी त्यांची शेवटची भेट. मे महिन्यात ते गेले, आणि मातीला गेलो तेव्हा गर्दीत मला त्यांचा चेहरा दिसला नाही. म्हणून मला आठवतात ते त्या दुपारचेच.

टेबलावर पाकीट तयार होतं, यादीचा कागद तयार होता, पाच नावं आणि त्यांच्यापुढे जाण्याच्या तारखा लिहिलेल्या. सर धुतलेला सदरा घालून बसले होते. पडवीतून समोर रस्त्याच्या वळणावर टेलिफोनची पत्र्याची पेटी दिसे, आणि तिच्यापाशी लाईनमन दार उघडून कामाला लागला होता. जुना माणूस, सरांच्या ओळखीचा. "तोडली की हात वर करतो म्हणालाय," सरांनी सांगितलं. मग विहिरीवरचा पंप चालू राहिलाय असं आठवून ते मागच्या बाजूला वाडीत गेले.

ते गेले आणि फोन वाजला.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. वहिनी पडवीच्या कडेला सुपात केळी सोलत बसल्या होत्या. फोन वाजत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उचला म्हणून. मी जमिनीकडे पाहिलं. सातवी घंटी झाली, आठवी झाली. "मशीनच ना?" असं काहीतरी पुटपुटत त्या उठल्या, हात लुगड्याला पुसले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो रिसीव्हर उचलून कानाला लावला.

पहिल्यांदा त्यांचा चेहरा नुसता त्रासलेला होता. मग तो थांबला. भुवया, ओठ, सगळं जागच्या जागी थांबलं. मी मनात मोजत होतो. शिट्टी, आता श्वास, आता शिट्टी. त्यांनी दुसऱ्या हाताने रिसीव्हर कानाशी दाबून धरला आणि त्यांच्या घरच्या बोलीत, जी मला निम्मीच कळते, फार हळू म्हणाल्या, दम खा बाळा. सावकाश. घाई नाही.

आणि मग त्या बोलायला लागल्या. खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. विहिरीला यंदा पाणी किती आहे, पलीकडची वाडी विकली, तिथे बिल्डिंग झाली, कुत्रा मेला, तुझी खोली तशीच आहे, गादी नवी भरून घेतली. मधे थांबत, ऐकत, मान हलवत आणि परत बोलत.

सर मागच्या दाराने आले. पाय ओले होते. वहिनींच्या कानाला फोन बघून दारातच उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात रस्त्यावर लाईनमनने पेटीचं दार लावलं, आमच्याकडे वळला आणि हात वर केला. सरांनीही हात वर केला. तो सायकलवर बसून गेला.

वहिनी बोलतच होत्या. त्यांची रस्त्याकडे पाठ होती.

मला वाटलं, सर जाऊन रिसीव्हर काढून घेतील. तोडलेल्या लाईनीवर बायको बोलतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, बोलू दे म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर तिच्याविषयीची कीव होती, आणि तेव्हा मला वाटलं, आत्ता सांगावं. सर, तिकडे माणूस होता. पण आता ते सांगून मी त्यांच्या हातात काय देणार होतो? लाईन गेली होती. राहिलं असतं ते फक्त इतक्या वर्षांचं फोन ठेवणं. मी गप्प बसलो. बरोबर केलं की चूक, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, आणि आता विचारायलाही कुणी नाही.

सर टेबलापाशी बसले. कागद जवळ ओढला. पाचव्या नावाखाली त्यांनी सावकाश, एकेक अक्षर दाबत, मेल्विनचं नाव लिहिलं. मग पेन तारखेच्या जागेवर अडलं.

"साटम," ते कुजबुजले, "तारीख कुठली घालू?"

माझ्या मागे वहिनी फोनमध्ये विचारत होत्या, कधी येशील, जेवायला काय करू.

सरांनी थोडा वेळ माझी वाट पाहिली. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि त्या दिवसाची तारीख घातली.